घरातले भुंगेरे: कोणत्या ऋतूत कोण येतं आणि कुणाचा बंदोबस्त कसा?

गवतफुला

झुरळं, मुंग्या, वाळवी यांवर भरपूर चर्चा झालेली दिसते, पण भुंगेऱ्यांवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. आमच्याकडे हे टणक पाठीचे किडे पाळीपाळीने येतात. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यावर धडाधड आपटणारे तपकिरी, जाडजूड. पावसाळा मध्यावर आला की तांदळात सोंडे आणि पिठात बारीक लालसर. थंडी सरताना खिडकीच्या कडेला गोल, चित्रविचित्र ठिपक्यांचे, तिळाएवढे. त्यातले काही मेलेले असतात, काही काचेवर चढत असतात. या शेवटच्यांचा धान्याशी संबंध दिसत नाही, कारण ती झोपायची खोली आहे.

पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात, वर्षातून तीनदा सगळ्या घरात फवारणी करून घ्या. घरात रांगतं मूल आहे, त्यामुळे जिवावर येतंय. खरंच गरज असते का?

निमशहाणा

तीनदा कशाला? एकदाच दणकून मारा. आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीला मारलं, पंधरवड्यात सगळे गायब.

मातीतला_माणूस

निमशहाणा, ते पंधरवड्यात तसेही गायब झाले असते. श्रेय औषधाने खाल्लं.

गवतफुला, तुम्ही तीन वेगळ्या मंडळींबद्दल विचारताय आणि तिघांचा घरात येण्याचा हेतू वेगळा आहे. भुंगेऱ्यांच्या वर्णन झालेल्या जातीच साडेतीन-चार लाखांच्या घरात आहेत, म्हणजे माणसाला माहीत असलेल्या प्राण्यांतला साधारण चौथा हिस्सा. सगळ्यांना एकच औषध कसं लागू पडेल? आधी दोन गोष्टी बघायच्या: वर्षाच्या कोणत्या वेळी दिसला आणि घरात नेमका कुठे दिसला. निम्मं निदान तिथेच होतं.

दिव्यावरचे आधी घेऊ. हे बहुतेक हुमणीचे प्रौढ. त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली जातं. अळी मुळं खाते, मातीतच कोष करते, आणि तयार झालेला भुंगेरा पावसाने माती मऊ होण्याची वाट बघत आत बसून राहतो. पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की दिवस मावळताना सगळे एकदम वर येतात. झाडांवर जमतात, पाला खातात, मीलन होतं, आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत. अंडीही मातीतच. तुमच्या घरात त्यांना खायला काही नाही आणि अंडी घालायला जागाही नाही. ते वाट चुकून आलेले असतात.

वाट का चुकतात हेही मजेशीर आहे. किडे उजेडाकडे 'ओढले' जातात असं आपण म्हणतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं. त्यात दिसलं ते असं: उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवू बघतात. रात्री उजेड म्हणजे आकाश, हे त्यांच्या शरीरात बसलेलं असतं. दिवा आला की 'वर' कुठे आहे याचाच घोळ होतो आणि ते त्याच्याभोवती गरगरत राहतात.

म्हणून इथे औषध मारण्यापेक्षा दिव्याचा विचार करा. बाहेरचा पांढराशुभ्र दिवा काढून पिवळसर लावा, कारण निळसर आणि अतिनील उजेड कीटकांना जास्त खेचतो. दाराच्या अगदी डोक्यावर दिवा नको, थोडा लांब असावा. त्या आठवड्यांत दिवेलागणीला तासभर पडदे ओढून घ्या, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. आत आलेले केरसुणीने गोळा करून बाहेर टाका. संपलं.

चष्मिष्ट

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण घरात मूल आहे. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबट, मुंगीसारखा दिसणारा किडाही येतो. सात ते दहा मिलिमीटर लांबी, नारिंगी आणि काळे पट्टे, पंख आखूड, पोट उघडं. पेडेरस म्हणतात त्याला. हाही भुंगेराच, पण तसा दिसत नाही. अंगावर बसला तर चिरडू नका. तो चावत नाही की डंख मारत नाही, पण त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर पसरलं की साधारण एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा लाल पट्टा उमटतो, फोड येतात. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाजूला करायचा. चुकून चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवायची. बिछाना दिव्याच्या बरोबर खाली नको.

पुष्कळ जण उशिरा उठणाऱ्या या पुरळाला नागीण समजून भलतेच लेप लावतात. डोळ्याजवळ असेल तर सरळ डॉक्टर.

दूरदेशी

मी थंड हवेच्या देशात राहते. आमच्याकडे उलटा प्रकार. पानगळीच्या दिवसांत, दोन-चार गार रात्रींनंतर ऊन पडलं की लाल-केशरी चित्रांग भुंगेरे (लेडीबर्ड) शेकड्यांनी भिंतीवर जमतात आणि खिडक्यांच्या फटींतून आत शिरतात. पकडायला गेलं की पिवळं काहीतरी सोडतात, त्याचा घाण वास आणि पडद्यावर डाग. मला तर चित्रांग भुंगेरा म्हणजे शेतकऱ्याचा मित्र असंच शिकवलं होतं.

मातीतला_माणूस

मित्रच आहे, फक्त पाहुणा म्हणून नकोसा. तुम्ही म्हणताय तो हार्मोनिया ऍक्सिरिडिस, मूळचा पूर्व आशियातला. पिकांचा रस शोषणारा मावा हा किडा खातो म्हणून अमेरिकेत 1916 पासून मुद्दाम आणून सोडत होते. बरीच वर्षं तो टिकला नाही, मग 1988 साली लुइझियानात त्याची स्थिर वस्ती आढळली आणि पुढे आवरेना. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर इंग्रजी एम अक्षरासारखी काळी खूण असेल तर तोच.

हिवाळा काढायला त्याला कोरडी, अरुंद फट लागते. निसर्गात तो उन्हातल्या कड्यांच्या भेगांत शिरतो. फिकट रंगाची, दुपारचं ऊन खाणारी तुमची भिंत त्याला कड्यासारखीच वाटते. घरात तो अंडी घालत नाही, कपडे-लाकूड-धान्य कशालाच तोंड लावत नाही. पिवळं द्रव म्हणजे त्याचंच रक्त, पायांच्या सांध्यांतून मुद्दाम सोडलेलं.

फटी बुजवायच्या त्या उन्हाळा संपायच्या आत. एकदा ते भिंतीच्या पोकळीत जाऊन बसले की फटी बुजवण्याचा अर्थ त्यांना घराकडच्या बाजूने बाहेर यायला लावणं. पोकळीत औषध मारणंही तसंच वाईट: आत मेलेल्या भुंगेऱ्यांच्या ढिगावर दुसरे किडे येतात. ते दुसरे किडे कोण, हे गवतफुलांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं, पण त्यावर कुणीतरी नीट लिहा. आत आलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. नळीच्या तोंडात जुना पायमोजा आतल्या बाजूने घालून कडेला रबर लावलं तर किडे मोज्यात अडकतात आणि यंत्राला वास लागत नाही.

रानवाटा

अवांतर: लपून बसायला थंडीच लागते असं नाही. केरळात रबराच्या मळ्यांलगतच्या घरांत लुप्रॉप्स ट्रिस्टिस नावाचा काळपट भुंगेरा असाच शिरतो, पण उन्हाळ्यातल्या वळवाच्या सरींनंतर. मळ्यातला गळलेला पाला खाऊन वाढतो आणि मग छपराच्या फटींत महिनोन्‌महिने सुस्त पडून राहतो. एकेका घरात लाखांनी. लोकांनी अक्षरशः घरं सोडल्याचं वाचलं आहे. तेव्हा दिव्यावरच्या दहा-वीस हुमण्यांवर समाधान माना.

निमशहाणा

लाखांनी?? बरं, माझा पहिला सल्ला त्या लोकांसाठी होता असं समजा.

कोठीघर

धान्याचा भाग माझ्याकडे. हा एकच प्रकार घरात खरोखर संसार थाटतो, म्हणून जरा सविस्तर.

सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. अळी दाण्याच्या आत, कोष दाण्याच्या आत, भोक पाडून बाहेर येतो तो थेट प्रौढ. 30 अंशांच्या आसपास तापमान आणि हवेत दमटपणा असला की हे सगळं महिनाभरात उरकतं, आणि एक मादी आयुष्यात तीन-चारशे अंडी घालते. म्हणजे वर फिरताना दिसणारे सोंडे वेचून तुम्ही धान्य 'साफ' करता, तेव्हा पुढची पिढी दाण्यांत शांतपणे पोट भरत असते. चाळल्यावर तीन आठवड्यांनी 'पुन्हा कुठून आले' असं वाटतं. ते पुन्हा आलेलेच नसतात.

पावसाळ्यातच का? कीड बहुतेकदा आधीपासून होती. साठवणीच्या बहुतेक किडींना 25 ते 33 अंश आणि ओलसर दाणा मानवतो. दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर सोंड्याची वाढ जवळजवळ थांबते. पावसाळी हवेत उघडं धान्य ओलावा ओढून घेतं आणि रखडलेली वंशवेल जोमाने वाढते. 15 अंशांच्या खाली मात्र सगळं थंडावतं, म्हणून हिवाळ्यात डबा स्वच्छ वाटतो. याला अपवाद खाप्रा, हाही साठवणीच्या धान्यातला भुंगेराच. त्याला उलट कोरडी, तापलेली हवाच प्रिय, आणि अडचण आली की त्याची केसाळ अळी फटीत शिरून न खाता-पिता वर्षानुवर्षं पडून राहू शकते. गोदामवाले त्याच्या नावाने दचकतात ते उगाच नाही.

पिठातला तांबडा भुंगेरा अख्ख्या दाण्याचं फारसं काही करू शकत नाही. त्याला फुटका दाणा, रवा, पीठ लागतं. संख्या वाढली की तो क्विनोन नावाची द्रव्यं सोडतो, त्याने पीठ गुलाबीसर होतं आणि उग्र वास येतो. असं पीठ चाळून वापरायचं नाही, टाकायचं.

आता काय करायचं ते.

नवं धान्य जुन्या साठ्याशेजारी ठेवण्याआधी थंडीचा उपचार द्या: पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांना चार दिवस. अंडी-अळ्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर धान्यावर दव धरतं. फ्रीजच्या साध्या कप्प्यात मरत नाहीत, नुसते थांबतात. साठा मोठा असेल तर कडक ऊन.

डबा खरोखर हवाबंद हवा आणि काठोकाठ भरलेला हवा. आतले किडे आणि दाणे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात आणि मग किडे गुदमरतात. अर्धा रिकामा, रोज उघडणारा डबा कितीही चांगल्या झाकणाचा असला तरी हे होत नाही. म्हणून रोजच्या वापराचा डबा छोटा आणि साठ्याचा वेगळा. रिकामा झालेला डबा धुऊन, वाळवून, मगच पुन्हा भरा. तळाच्या चिमूटभर भुकटीवर पुढची पिढी निघते. फडताळाच्या कोपऱ्यातली, कागदाखालची, बिजागरीतली भुकटीही काढा.

आजीचा_बटवा

उग्र वासाची पानं, लवंगा, सुक्या मिरच्या घालून ठेवल्या तर यातलं काहीही करावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

कोठीघर

बटवा, वासाने बाहेरून येणारा प्रौढ थोडाफार बिचकतो, हे मान्य. पण दाण्याच्या आत बुचाखाली बसलेल्या अळीला लवंगेचं सोयरसुतक नाही. स्वच्छ, कोरड्या, कीड नसलेल्या धान्यात घातलं तर राखण म्हणून ठीक. लागलेल्या किडीवर उपाय म्हणून नाही. आणि गंमत म्हणजे मसाल्यांना आणि सुक्या मिरचीला स्वतःचीच कीड लागते. तो बारीक, तपकिरी, कुबड काढल्यासारखा सिगारेट भुंगेरा तंबाखूपासून मिरचीपर्यंत सगळं खातो आणि पातळ पाकिटाला भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे राखणदारालाच राखण लागायची.

आजीचा_बटवा

बरं, आणि ऊन? तेही जुनंच आहे, ते कसं चालतं तुम्हाला?

कोठीघर

चालतं, पण ऊन खरंच कडक असेल तर आणि थर पातळ असेल तर. धान्य स्वतः पन्नाशीच्या वर तापलं आणि तसं काही वेळ राहिलं तर आतल्या अळ्या मरतात. नुसतं कोमट झालं तर प्रौढ चालत बाहेर जातात, आपल्याला वाटतं किडे गेले, आणि आतले तसेच. थर बोटभर जाडीचा, खाली काळं कापड किंवा प्लास्टिक, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं तर तापमान खूप वर जातं. बियाण्यासाठी ठेवलेल्या दाण्यांना मात्र इतकं तापवू नका. उन्हाचा दुसरा फायदा ओलावा जाण्याचा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, चेपला गेला तर अजून ओला आहे. आणि गार झाल्यावरच डब्यात भरायचं.

हिशेबी

गॅसच्या गोळ्या मिळतात ना पोत्यात टाकायच्या? एक टाकली की काम फत्ते.

चष्मिष्ट

नको. नको. नको. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की फॉस्फीन वायू निघतो, आणि त्यावर उतारा नाही. बंद घरात, शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत, लहान मुलं तर आधी. ते गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसाने वापरायचं औषध आहे. राहत्या घरात एकही नाही.

संपादक_मंडळ

गोळ्या कुठे मिळतील हे विचारणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. कृपया पुन्हा देऊ नयेत.

हिशेबी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुगरणनाही

डाळींचं काय? माझी तूरडाळ वर्षभर नीट राहते आणि अख्खे मूग, चवळी महिन्यात भोकाभोकांचे होतात. एकाच फडताळात, एकसारख्या डब्यांत.

कोठीघर

तुम्ही अगदी नेमकं पाहिलंय. कडधान्याचा भुंगेरा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो. अख्ख्या मुगावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती अंडी किंवा त्यांची टरफलं. त्याला गुळगुळीत, गोल, सालासकट दाणा हवा. सोललेली, भरडलेली डाळ त्याला सहसा नको असते. म्हणून जास्त दिवस ठेवायचं असेल तर डाळीच्या रूपात ठेवा.

दुसरं म्हणजे ही कीड शेतातल्या शेंगेवरच लागते. वाण्याला बोल लावू नका, आणि स्वतःच्या डब्यालाही. विकत आणलेल्या कडधान्याला फ्रीजरचे चार दिवस द्याच. खाद्यतेलाचा हात चोळून ठेवण्यालाही आधार आहे: किलोला साधारण 5 मिलिलिटर, प्रत्येक दाण्याला पुसट लागेल असं. तेलाने अंडी गुदमरतात आणि नवी नीट चिकटत नाहीत. प्रौढ मात्र काहीच खात नाही, पंधरवडाभर जगतो आणि अंडी घालून मरतो. त्याच्या मागे चप्पल घेऊन धावू नका.

सुगरणनाही

धावत होते. आता फ्रीजर रिकामा करते.

गवतफुला

सगळ्यांचे आभार. पण खिडकीतले ठिपकेवाले राहिले. वर कुणीतरी अर्धवट सोडलंय.

पडकावाडा

जुन्या वस्तू सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे हे माझे रोजचे शत्रू. दोन ते चार मिलिमीटर, गोलसर, पाठीवर पांढरे-तपकिरी-पिवळे खवले असतील तर गालिचा भुंगेरा, अँथ्रेनस. खिडकीवर दिसतो तो प्रौढ. त्याला बाहेर फुलांवर जायचंय, परागकण खायचेत, म्हणून ऋतू बदलून ऊन वाढलं की तो उजेडाकडे चालतो. खिडकीवर औषध मारणं म्हणजे निघालेल्या पाहुण्याला दारात अडवणं.

नासधूस करते ती अळी, आणि ती उजेडापासून पळते. केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची, जेमतेम चार-पाच मिलिमीटर. लोकर, रेशीम, पिसं, केस, कातडं, मेलेले किडे असं केराटिन (केस-पिसांतलं प्रथिन) असलेलं किंवा प्राणिज काहीही खाते. सुती आणि कृत्रिम कापडाला घामाचे, अन्नाचे डाग असतील तरच तोंड लावते. आपण 'कसर लागली' म्हणतो त्यात पुष्कळदा हीच असते. अळीपण काही महिने ते दोन-तीन वर्षंही चालतं, म्हणजे आज खिडकीत दिसणाऱ्याचं घरातलं वास्तव्य जुनं आहे.

तेव्हा प्रश्न असा: त्या खोलीत अंधारात, न हलवलेलं, प्राण्यापासून आलेलं काय आहे? लोकरी कपड्यांची पेटी, पलंगाखालचा गालिचा, पिसांची उशी? छताच्या दिव्याच्या काचेत साठलेले मेलेले किडे? खिडकीबाहेर पक्ष्याचं जुनं घरटं?

गवतफुला

एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे कबुतरांचं घरटं आहे. रिकामं, बरेच दिवसांपासून. आणि दिव्याच्या काचेत हुमण्या!

पडकावाडा

मग दोन्ही खानावळी मिळाल्या. पिल्लं नाहीत हे नक्की करून घरटं काढा, तोंडाला मास्क लावा, विष्ठा कोरडी खरवडू नका, आधी पाण्याने भिजवा. दिव्याची काच काढून धुवा. मग खोलीच्या कडा, गालिच्याची खालची बाजू, पलंगाच्या फळ्यांमधल्या फटी व्हॅक्यूम करा. काढलेली अळ्यांची सालं पिशवीत बांधून बाहेर, कारण त्यांच्या केसांनी काही जणांना पुरळ येतं. रांगतं मूल आहे म्हणून मुद्दाम सांगतो. लोकरी कपडे धुऊन किंवा ड्रायक्लीन करूनच ठेवायचे, शंका असलेले फ्रीजरमध्ये. डांबरगोळ्या उघड्या कपाटात टाकल्याने अळी मरत नाही, कारण वाफ बंद जागेतच साचते. आणि बाळाच्या कपड्यांत तर त्या नकोतच. जी-6-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थॅलिनने फुटतात.

फवारणीचं म्हणाल तर यात कुठेही तिचं काम आलेलं नाही.

रानवाटा

वाचनखूण साठवली. जाता जाता: नव्या लाकडी खुर्चीखाली रोज पांढरी भुकटी पडतेय. वाळवी का?

पडकावाडा

वाळवी मातीच्या नळ्या करते. कोरड्या लाकडातली वाळवी भुकटी नाही, बारीक खसखशीसारखे कंगोरेदार कण टाकते. टाल्कसारखी मऊ पूड आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर लिक्टस, म्हणजे घुण. हा फक्त रुंद पानांच्या झाडांच्या बाहेरच्या, पिठूळ भागाला आणि बांबूला लागतो. लाकडातला स्टार्च त्याचं अन्न. अंडी लाकडाच्या उघड्या छिद्रांत घालतो, म्हणून पॉलिश किंवा रंग असलेल्या बाजूने शिरत नाही. खुर्ची उलटी करून बघा, बैठकीची खालची बाजू कोरी सोडलेली असेल.

रानवाटा

कोरीच आहे. भोकं पाच-सहा.

पडकावाडा

भुकटी झाडून टाका, खाली काळा कागद अंथरा आणि उन्हाळाभर बघा. हादऱ्याने जुनी पूडही गळत राहते, तेव्हा खुर्ची हलवायची नाही. भोकांच्या कडा उजळ आणि नवी भोकं पडत असतील तर कीड चालू आहे: कोऱ्या बाजूला बोरेट या कीडनाशक क्षाराचं द्रावण दोनदा मुरवा, पूर्ण वाळू द्या, मग वॉर्निश. संख्या वाढत नसेल तर नुसतं वॉर्निश पुरे. पाय आतून पोकळ वाजत असतील तर मात्र त्या खुर्चीवर बसू नका.